दाजींचं स्वागत आणि माझी अडकलेली स्क्रिप्ट

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला स्वागत करायची भारी हौस. आमच्या बेटावरच्या कार्तिए मिलितेर गावातल्या मराठी मंडळाचा कुठलाही कार्यक्रम असो, माइकसमोर पहिले उभे राहणार ते दाजीच. देवाचं नाव, मग भटजी, मग शाळामास्तर, मग ज्याने खुर्च्या दिल्या तो, मग ज्याने खुर्च्या आणायला कामिओं, म्हणजे ट्रक, दिला तो. तोवर प्रसादाचा शिरा निवून जायचा.

आमच्या मंडळाचा एक रिवाज आहे, तो आधी सांगते. पाहुण्याचं नाव आणि हुद्दा माइकवरून पुकारल्याशिवाय पाहुणा खुर्चीतून उठत नाही. आणि त्याने उठून हात जोडल्याशिवाय स्वागत करणारा पुढच्या नावाकडे जात नाही. आमचे आजे-पणजे उसाच्या शेतात नावाशिवाय, नुसत्या नंबरावर राबले, म्हणून असेल कदाचित, पण नाव मोठ्याने घेतलेलं आम्हाला लागतं. रिवाज चांगला आहे. दाजींनी तो मशीनमध्ये घातला, आणि त्यावरून माझी खुर्ची काढून घ्यायला निघाले.

हे मी लिहितेय, कारण माझा त्यांच्यावरचा राग अजून गेलेला नाही. इतक्या वर्षांनी माणूस निवळतो म्हणतात. मी नाही निवळले.

ऐंशीच्या दशकाची अखेर होती. गावोगाव लोकरी कपड्यांचे कारखाने निघाले होते. आमच्या कंपनीचा कारखाना कार्तिए मिलितेरला आणि कचेरी क्वात्र बॉर्नला, बाजारापासून चार पावलांवर. दाजी कारखान्यात सुपरवायझर होते. मी लग्न होऊन क्वात्र बॉर्नला आले होते आणि कचेरीच्या वरच्या मजल्यावर, जिथे कंपनीने नवीन संगणक ठेवला होता, तिथे तात्पुरती लागले होते. तात्पुरती हा शब्द लक्षात ठेवा. संगणकाच्या खोलीत कायमची खुर्ची एकच होणार होती, विभागप्रमुखाची, आणि मॅनेजरने मला सांगितलं होतं की काम नीट चाललं तर ती तुझी. नाही चाललं तर खाली टायपिंगला.

काम असं होतं. रोज दुपारपर्यंत कारखान्यात किती स्वेटर बांधून तयार झाले, तो आकडा कचेरीत यायला हवा, म्हणजे तिथून फ्रान्सच्या गिऱ्हाइकांना टेलेक्स जाईल. आधी हे आकडे कोणीतरी फोनवर ओरडून सांगायचं आणि कोणीतरी चुकीचे लिहून घ्यायचं. मग कारखान्यातही संगणक आला. त्याला फोनची लाइन जोडली, आमच्याकडेही जोडली, मधे शिट्टी वाजवणारी एक डबी, तिला मोडेम म्हणायचे. आणि दोघांचं बोलणं व्हावं म्हणून मी एक स्क्रिप्ट लिहिली.

स्क्रिप्ट हा शब्द मला परका नव्हता. मंडळाच्या नाटकांत मी लहानपणापासून काम केलं होतं. समोरच्याने अमुक वाक्य म्हटलं की आपण तमुक म्हणायचं. माझी स्क्रिप्टही तशीच होती. फोन लाव. समोरून ‘नाव?’ असं आलं की नाव पाठव. ‘खूण?’ आलं की परवलीची खूण पाठव. मग आजचे आकडे माग, शेवटची ओळ येईपर्यंत वाच, फोन ठेव. एवढंच. मला तिचा फार अभिमान होता. पहिल्या आठवड्यात मॅनेजर रोज वर यायचा, आकडे कागदावर टकटकत उतरताना बघायचा आणि न बोलता खाली जायचा. त्याचं न बोलणं म्हणजे शाबासकी.

आणि मग एके दिवशी ती अडकली. शिट्टी वाजली, लाइन जुळली, आणि पुढे काही नाही. पडद्यावर नुसती एक चौकोनी खूण उघडझाप करत होती. टेलेक्सची वेळ टळत चालली. मॅनेजर वर आला, कमरेवर हात ठेवून पडद्याकडे बघत राहिला आणि आमच्या क्रेओल बोलीत विचारलं,

“की ली पे आतान?”

ते कशाची वाट बघतंय, हा त्याचा प्रश्न. त्या सगळ्या काळात त्या खोलीत कोणी विचारलेला हा एकच शहाणपणाचा प्रश्न, आणि मी त्याचं उत्तर द्यायच्या ऐवजी म्हटलं, लाइन खराब आहे.

वादळांचे दिवस होते, तारांत पाणी जायचं, तेव्हा ते कोणालाही पटलं असतं. मी फोन ठेवला, पुन्हा लावला. पुन्हा तेच. मग मॅनेजरने साध्या फोनवरून कारखान्यात दाजींना गाठलं. त्यांचा आवाज मला लांबूनही ऐकू येत होता. “दे मिनित, मिस्ये.” दोन मिनिटं, साहेब. आणि खरंच, जरा वेळाने माझ्या पडद्यावर ओळी पळायला लागल्या, प्रिंटर करवादायला लागला, आकडे आले.

“दाजी, तुम्ही काय केलंत?” मी फोन हातात घेऊन विचारलं.

“काय नाय गो. मशीनला जरा हात लावला.”

“तुमच्या बाजूला काही बदललंय का?”

“मी कशाला बदलू? तुझीच स्क्रिप्ट बघ एकदा.”

मी बघितली. परत परत बघितली. दुसऱ्या दिवशी चालवली तर पाण्यासारखी वाहिली. मग काही दिवस ठीक, आणि पुन्हा एका दुपारी ठप्प. टेलिफोनवाले येऊन तारा तपासून गेले, त्यांना काही सापडलं नाही. मी वायर बदलली, मोडेमचा वेग कमी केला. माझी स्क्रिप्ट वाचायला बसली की बसलीच. तिला ‘नाव?’ हवं होतं. ते आलं नाही तर ती पुढे जाणार नाही, मागे येणार नाही, सांगणार नाही की काय झालंय. तिला किती वेळ वाट बघायची हे मी सांगितलंच नव्हतं. आणि वरून मॅनेजरला पडद्यावर कचरा दिसू नये म्हणून, येणारी अक्षरं वाचताना दाखवायची नाहीत, अशीही सोय मी करून ठेवली होती. आत काय चाललंय ते मलाच दिसत नव्हतं.

दर वेळी शेवट एकच. दाजींना फोन, दे मिनित, आणि आकडे. मॅनेजर आता माझ्याकडे न बघता थेट त्यांनाच फोन लावायचा. मग मला कळलं की दाजींनी त्याला समजावलं होतं की पोरगी हुशार आहे, पण नवीन लग्न झालंय, ध्यान घरात असतं, अशा कामाला पुरुष माणूस बरा. हे मला मॅनेजरनेच सांगितलं, अगदी सहज, खिडकीतून बाहेर बघत. आणि म्हणाला की फ्रान्सहून गिऱ्हाइकं येणार आहेत. आधी कारखाना बघतील, मग इथे येऊन आकडे येताना बघतील. त्या दिवशी चाललं तर खुर्ची तुझी. नाहीतर ती तुझ्या भावोजींना देणार.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या माणसाला संगणक चालू कसा करायचा हे मी दाखवलं, आमच्याच ओट्यावर बसून, माझ्या आईने तळलेले गातो पिमाँ, डाळीचे तिखट वडे, खात खात ज्याने माझ्याकडून सगळं शिकून घेतलं, तो आता माझ्या खुर्चीत बसणार होता.

त्या रविवारी ताई क्वात्र बॉर्नच्या बाजारात आली. कपड्यांचा बाजार भरला होता. तिला मुलांच्या चड्ड्या घ्यायच्या होत्या, पण ती मला ओढत नेऊन उभी राहिली ती क्रावातच्या दुकानासमोर. क्रावात म्हणजे टाय.

“यांना अजून एक पायजे,” ती म्हणाली. “कारखान्यात व्हिजितेर येणार असले की क्रावात पायजे, सफेद शर्ट पायजे, कॉलर कडक पायजे. गेल्या शुक्रवारी पन तेच. त्याच्या आधी त्या जर्मन लोकांच्या येळेला पन तेच.”

मी निळा क्रावात हातात घेऊन बघत होते. तो मी खाली ठेवला. गेल्या शुक्रवारी माझी स्क्रिप्ट अडकली होती. आणि ते जर्मन आले होते त्याही दिवशी.

“ताई,” मी म्हटलं, “पुढच्या वेळी ते क्रावात घालून गेले की मला फोन करशील?”

“कशाला?”

“असंच.”

तिने माझ्याकडे जरा बघितलं आणि निळ्याचे पैसे दिले. “कोरेक,” म्हणाली. बरं.

तिचा फोन पुढच्याच आठवड्यात आला, शेजारच्या दुकानातून. एकच वाक्य. आज क्रावात घातलाय. मी स्क्रिप्ट बाजूला ठेवली आणि हाताने फोन लावला. येणारं प्रत्येक अक्षर दाखव, असं मशीनला सांगितलं आणि पडद्याला नाक लावून बसले.

शिट्टी झाली. लाइन जुळली. आणि एक एक अक्षर येऊ लागलं. आधी चांदण्यांची एक अख्खी ओळ. मग फ्रेंच अक्षरांत लिहिलेलं ‘सुस्वागतम’. मग फ्रेंचमध्ये, आमच्या सन्माननीय पाहुण्यांचं या कारखान्यात हार्दिक स्वागत. मग दाजींचं नाव, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. नावाखाली ‘संगणक विभागप्रमुख’. मग पुन्हा चांदण्या. आणि शेवटी, कृपया पुढे जाण्यासाठी एक कळ दाबावी.

आणि मग शांत. त्यांचं मशीन हात जोडून उभं होतं, पाहुणा उठायची वाट बघत. माझी स्क्रिप्ट अशा वेळी खुर्चीत बसून असायची, आपल्याला ‘नाव?’ विचारतील म्हणून. मंडळाचा कार्यक्रमच.

मी एक कळ दाबली. लगेच ‘नाव?’ आलं.

त्या मशीनचं असं होतं की कळ त्याच्यासमोर बसून दाबली काय आणि लाइनवरून पाठवली काय, त्याला सारखंच. म्हणजे दाजी इतके दिवस ‘मशीनला जरा हात लावला’ म्हणायचे तो हात हाच. पाहुणे आले की स्वागत लावायचं, माझी स्क्रिप्ट अडकू द्यायची, मॅनेजरचा फोन आला की एक कळ दाबून वाहवा घ्यायची, आणि पाहुणे गेले की स्वागत काढून टाकायचं. पहिल्यांदा ते नकळत झालं असेल. स्वागत लावणं म्हणजे काही बदलणं, हे त्यांच्या डोक्यात येणारच नाही. पण दुसऱ्यांदा? तिसऱ्यांदा? एवढं कळायला त्यांना माझ्या शिकवणीची गरज नव्हती.

दुरुस्ती एका ओळीची होती. ‘नाव?’ची वाट बघायच्या आधी एक कळ पाठव. झालं. स्वागत असो नसो, कोणाला काही कळलं नसतं, पाहुण्यांच्या दिवशी आकडे झर्रकन आले असते, खुर्ची मला मिळाली असती आणि दाजी सगळ्यांच्या नजरेत भले माणूस राहिले असते. ती ओळ मी लिहिली. मग खोडली.

मी दुसरं काही लिहिलं, आणि आजही सांगते, ते जास्त बरोबर होतं. कोणत्याही वाचनाला वेळेची हद्द हवी. मी ती घातली. एवढ्या वेळात जे हवं ते आलं नाही, तर वाट बघणं सोड. आपण कशाची वाट बघत होतो ते कागदावर छाप. त्याखाली, तोवर समोरून खरोखर काय आलं ते जसंच्या तसं छाप. मग एक कळ पाठव आणि पुढे चल. कोणीही शहाणा माणूस असंच करेल. फक्त वेळेची हद्द जरा जास्त ठेवली. चार श्वास पुरले असते. मी चहा गाळून कप भरेपर्यंतचा वेळ ठेवला. दाजींचा चेहरा मला नीट बघायचा होता.

गिऱ्हाइकं आली. एक जाडसर गृहस्थ आणि चष्मा लावलेली एक बाई, दोघं फ्रेंच. त्यांच्यामागून मॅनेजर, आणि त्याच्यामागून निळ्या क्रावातमध्ये दाजी. कारखाना दाखवून ते पाहुण्यांबरोबर गाडीतूनच आले होते. तिथे आता कळ दाबायला ते स्वतः नव्हते, आणि त्यांना त्याची काळजीही नव्हती. इथे अडकलं की आपण सगळ्यांसमोर फोन उचलायचा आणि तिथल्या हाताखालच्या पोराला कळ दाबायला सांगायचं, असा त्यांचा बेत होता. ते फोनच्या जवळ जाऊन उभे राहिले होते, त्यावरूनच मला कळलं.

मी स्क्रिप्ट सुरू केली. शिट्टी वाजली. लाइन जुळली. पडद्यावर ती चौकोनी खूण उघडझाप करू लागली.

मॅनेजरने माझ्याकडे बघितलं. गृहस्थांनी खिशातून रुमाल काढला. बाई हसून वाट बघत होत्या.

“मिस्ये, मी एक फोन लावू?” दाजी हळूच म्हणाले.

“थांबा दाजी,” मी मराठीत म्हटलं. “पाहुण्याला उठायला जरा वेळ द्या.”

त्यांना काही कळलं नाही, पण चेहरा पडला. हात फोनवर होता तो तिथेच राहिला. मला तो वेळ आणखी लांबला असता तरी चाललं असतं.

मग प्रिंटर सुरू झाला. त्या काळचे प्रिंटर कोंबडीच्या मागे कुत्रा लागल्यासारखे ओरडायचे. कागद वर सरकला आणि बाईंनी, माझ्या मशीनचीच कामगिरी समजून, तो कौतुकाने हातात घेऊन मोठ्याने वाचला. माझ्या ओळी मी मुद्दाम फ्रेंचमध्ये लिहिल्या होत्या. अपेक्षित: नाव. आलेलं: आणि मग चांदण्या, सुस्वागतम, त्यांना ते वाचता येईना म्हणून त्या जरा अडखळल्या, मग हार्दिक स्वागत, मग दाजींचं नाव वडिलांच्या नावासकट, मग हुद्दा, मग कृपया एक कळ दाबावी. त्यांचा आवाज छान होता.

“विभागप्रमुख?” मॅनेजर म्हणाला. “की सान्ला सा?” हा कोण, हे त्याने दाजींकडे बघूनच विचारलं.

तेवढ्यात स्क्रिप्टने कळ पाठवली आणि आकडे धो धो आले. गिऱ्हाइकांनी माना डोलावल्या, माझ्याशी हात मिळवला. ते चहाला खाली गेल्यावर मॅनेजरने दार लावून घेतलं.

“मो पा ती कोनेन, मिस्ये,” दाजी म्हणाले. म्हणजे, मला ठाऊक नव्हतं.

“ठाऊक नव्हतं, तर इतके दिवस चालू कसं करत होतास?” मॅनेजर म्हणाला.

मी कागद फाडून घेतला, नीट घडी घातली आणि टेबलावर मॅनेजरच्या बाजूला सरकवला. तो दाजींनी उचलायच्या आत मॅनेजरने खिशात घातला.

त्यांना कोणी काढलं वगैरे नाही. सुपरवायझर होते, सुपरवायझर राहिले. मशीनला हात लावायची मनाई झाली, एवढंच. खुर्ची मला मिळाली. दोन हातांची, चाकं असलेली, निळ्या कापडाची.

गोष्ट इथेही संपली असती. पण त्याच वर्षी मंडळाने ठरवलं की आपल्या समाजातल्या, हुद्द्यावर चढलेल्या लेकींचा सत्कार करायचा. त्यात मी होते. आणि माइकवर, अर्थातच, दाजी.

त्यांनी भटजींचं स्वागत केलं, मास्तरांचं केलं, खुर्च्यावाल्याचं, कामिओंवाल्याचं. मग माझ्याकडे आले. “आणि आमच्या घरातलीच… आमची धाकटी…” असं म्हणून थांबले. हात माझ्याकडे केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी उठले नाही.

टाळ्या विरल्या. दाजींनी पुन्हा हात केला. मी मांडीवर हात ठेवून बसून राहिले. नाव आणि हुद्दा पुकारल्याशिवाय पाहुणा उठत नाही, हे त्या सभागृहात त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? मागच्या रांगेत कुजबूज सुरू झाली. एका म्हाताऱ्याने खोकून घेतलं. माझ्या स्क्रिप्टला मी वेळेची हद्द घातली होती. स्वतःला घातली नव्हती.

ताई माझ्या शेजारीच ओटीचं ताट घेऊन उभी होती. सत्काराच्या लेकींची ओटी भरायचं काम तिच्याकडे होतं. ती नवऱ्याकडे वळली आणि पहिल्या चार रांगांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “दिर ली.” म्हणा ते.

त्यांनी म्हटलं. माझं नाव, आणि मग संगणक विभागप्रमुख. मी उठले, हात जोडले. टाळ्या पुन्हा झाल्या.

ताई कुंकू लावायला वाकली तेव्हा मी तिला हळूच म्हटलं, “तो फोन मी तुला का करायला लावला होता, ते सांगायचं राहिलं.”

“मला काय ठाऊक नव्हतं काय,” ती माझ्या ओटीत तांदूळ घालत म्हणाली. “क्रावात बांधता बांधता दर येळी हसायचे घरात. आज धाकट्या बाईंची मशीन बंद पडणार म्हनून. आता नवऱ्याचं बायकोने तोंडाने कसं सांगायचं? म्हनून तुला बाजारात क्रावात दाखवाया नेली.”

तिने नारळ माझ्या ओटीत ठेवला, पदर सारखा केला आणि ताट घेऊन पुढच्या खुर्चीकडे गेली.